रोप नंतर, जागा आधी: उजाड डोंगरावर काय कुठे लावायचं

उजाड डोंगर पुन्हा उभा करायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "कोणती झाडं लावू?" मीही तोच विचारला होता. रोपवाटिकेतून चारशे रोपं आणली, दोरी ताणून रांगा आखल्या आणि तीन-तीन मीटरवर खड्डे घेतले. दोन वर्षांनी रांग म्हणावी अशी कुठे दिसेना. जगलेली रोपं चार-पाच घोळक्यांत उरली होती. काही एका मोठ्या खडकाच्या आडोशाला, काही उतारावर उथळ वाटी झाली होती तिथे, काही काटेरी झुडपांच्या जाळीत. जाती त्याच, खड्डे त्याच मापाचे, लावणारे हातही तेच. मग जगलेल्या एकेका रोपाशेजारी बसून त्याला काय मिळालं होतं ते वहीत टिपत गेलो. तेव्हापासून जातींची यादी मी सगळ्यात शेवटी करतो.

खालचा क्रम त्या वहीतून आणि जगभर झालेल्या प्रयोगांतून जमलेला आहे. पहिल्या खेपेला तो मोडू नका.

पायरी १: इथे लावायचंच आहे का?

झाड नसलेला प्रत्येक डोंगर बिघडलेला नसतो. उंचावरची कित्येक गवताळ रानं मुळातच गवताची असतात आणि तिथे झाडं लावणं हीच मोडतोड ठरते. अँडीज पर्वतात पॅरामो नावाची दमट, उंच गवताळ प्रदेशाची पट्टी आहे. इक्वेडोरमध्ये तिथे पाइन लावल्यावर ओढ्यांना येणारं पाणी निम्म्याच्या आसपास घटल्याची मोजमापं आहेत. न्यूझीलंडमध्ये तर धूप थांबवायला म्हणून परदेशी पाइन उंचावर लावले. त्यांचं बी वाऱ्याने पसरत गेलं आणि आज तिथे तेच पाइन उपटण्याच्या मोहिमा चालतात.

दुसरं, डोंगर कशामुळे उजाड झाला आणि ते कारण अजून चालू आहे का, ते बघा. चराई, वणवा, तोड, वरून वाहून येणारं पाणी, यांतलं एकही सुरू असेल तर रोपं म्हणजे जनावरांना आणि आगीला नेऊन दिलेला खुराक.

तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त. एक मीटर बाय एक मीटरची दोरीची चौकट करा. ती उतारावर वीस-पंचवीस ठिकाणी टाका आणि प्रत्येक चौकटीत आपोआप उगवलेली झाडाझुडपांची रोपं मोजा. बहुतेक चौकटींत काही ना काही सापडलं, तर तिथे फक्त राखण करा आणि आपली रोपं दुसरीकडे न्या. चौकट रिकामी निघाली तरी घाई नको. जवळपास बी देणारं झाड आहे का ते पाहा. झाड आहे, बी पडतं आणि तरीही उगवत नाही, तर अडचण जमिनीत आहे. ती पायरी तीनमध्ये सापडेल.

पायरी २: नकाशावर उतार वाचा

घरी बसून चार गोष्टी कळतात: उंची, उताराचं तोंड, उताराचा तीव्रपणा आणि पृष्ठभागाचा आकार.

उंचीचा हिशोब सोपा आहे. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअस, म्हणजे शंभर मीटर चढलं की अर्ध्या अंशाहून थोडं जास्त तापमान उतरतं. अगदी वर गेलात तर झाडाची हद्दच संपते. जगभरच्या वृक्षरेषांचा ताळा काढल्यावर असं दिसलं आहे की वाढीच्या हंगामाचं सरासरी तापमान साधारण ६.४ अंशांच्या खाली गेलं, किंवा तो हंगाम ९४ दिवसांपेक्षा आखूड झाला, की झाड उभं राहत नाही. त्याच्या वर झुडपं, गवत आणि उशीसारख्या बसक्या वनस्पती यांचंच राज्य. तिथे झाडाचा हट्ट धरू नका.

पण उंचीपेक्षा उताराचं तोंड जास्त फसवतं. एकाच दरीच्या समोरासमोरच्या दोन बाजू, एकाच उंचीवर, दोन वेगवेगळ्या मुलखांसारख्या असू शकतात. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेला उतार तापतो आणि लवकर वाळतो, उत्तरेकडचा थंड व ओलसर राहतो. दक्षिण गोलार्धात याच्या बरोबर उलट. विषुववृत्ताजवळ हा फरक विरळ होतो. पूर्व-पश्चिमेचं गणित मात्र सगळीकडे लागू: दोघांना ऊन सारखंच मिळतं, पण पश्चिम उताराला ते दुपारच्या तापलेल्या हवेत मिळतं. म्हणून कोरडेपणाला कच्ची जात पश्चिमेला लावताना दोनदा विचार करावा.

संगणक हाताळता येत असेल तर उंचीची मोफत माहिती उतरवून क्यूजीआयएस या नकाशे हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये उतार आणि त्याची दिशा काढता येते. अशी बरीचशी माहिती ३० मीटरच्या चौकोनांत मिळते. म्हणजे ९०० चौरस मीटरला एक आकडा. माझी जगलेली रोपं ज्या खडकामागे होती असे कित्येक खडक त्या एका आकड्यात गडप होतात. नकाशा कुठे चालत जायचं ते सांगतो, खड्डा कुठे घ्यायचा ते सांगत नाही.

पायरी ३: चालत जा, निदान तीनदा

एकदा जोरदार पावसानंतर, एकदा ऐन कोरड्या दिवसांत आणि एकदा कडाक्याच्या थंडीत पहाटे. बर्फ पडत असेल तर चौथी फेरी बर्फ वितळताना. एकाच फेरीत काम उरकणाऱ्याला डोंगराचा एकच चेहरा दिसतो.

पावसानंतरच्या फेरीत पाण्याच्या मागे जा. ते कुठून उतरतं, कुठे ओघळ पाडतं, कुठे थांबून गाळ टाकतं? फुगीर भाग, म्हणजे सोंडा आणि धारा, पाणी आणि माती दोन्ही गमावतात. खोलगट भाग ती साठवतात. साठवलेली माती म्हणजे रोपाला ओल आणि खोली, म्हणून खोलगट जागा सगळ्यांना आवडते. मलाही आवडायची. पण वाहती घळ ही लागवडीची जागा नव्हे. तिथे आधी वरून सुरुवात करून पाण्याचा वेग मोडावा लागतो. घळीच्या तोंडाशी लावलेली रोपं पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जातात.

थंडीच्या पहाटेची फेरी सहसा कुणी करत नाही आणि तिथेच फसतं. थंड हवा जड असते. रात्री ती पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि खळग्यात, दरीच्या तळाशी, आडव्या बांधामागे साचते. त्यामुळे स्वच्छ, निवांत रात्री तळ हा मधल्या उतारापेक्षा जास्त गारठतो. सूर्य वर यायच्या आत गेलात तर दहिवर कुठे पांढरं आहे आणि कुठे गवत नुसतंच ओलं आहे, ती सीमारेषा डोळ्यांनी दिसते. तिथे काठ्या रोवा. त्या रेषेखाली कोवळ्या पालवीला थंडी सोसणाऱ्याच जाती लावायच्या.

बर्फाचंही असंच. वारा धारेवरचा बर्फ उडवून खोलगट भागात भरतो. धारेवरचं रोप उघडं पडून गारठतं आणि सुकतं. खळग्यातलं रोप बर्फाखाली ऊबदार राहतं, पण बर्फ उशिरा वितळला तर त्याचा हंगाम आखडतो आणि बुरशी लागते. शिवाय तीव्र उतारावरचा बर्फ हळूहळू खाली सरकतो आणि रोपांना वाकवतो किंवा मुळासकट ओढतो. अशा उतारावर बुंधा, खडक, उंचवटा अशा अडसराच्या लगत खालच्या बाजूला लावलं तर तो धक्का अडसर झेलतो.

कोरड्या दिवसांतल्या फेरीला सोबत बोटाएवढ्या जाडीची लोखंडी सळई, कुदळ आणि पाण्याचा डबा घ्या. सळई दाबत चला. कुठे वीतभर जाऊन ‘टक्क’ आवाज येतो, कुठे ढोपरभर सरसर उतरते, ते नकाशावर टिपा. मग दहा-बारा जागी हातभर खड्डा घ्या. कडेची माती मुठीत धरून थोडी ओली करा आणि बोटांत मळा. सुतळीसारखी लांब वळकटी होत असेल तर चिकणमाती, मोडत असेल तर वाळूचा भाग जास्त. खड्ड्याच्या भिंतीवर राखाडी मातीत तांबूस-गंजक्या ठिपक्यांची नक्षी दिसली, तर वर्षातला काही काळ तिथे पाणी तुंबतं, मग आज ती जागा कितीही कोरडी दिसो. खात्री करायची तर खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. तासाला अडीच सेंटिमीटरही पाणी उतरत नसेल तर तिथे पाय ओले चालणाऱ्याच जाती टिकतील.

सुट्या दगडगोट्यांच्या उतारावर एक जुनी युक्ती चालते. साधारण ३० ते ३७ अंशांच्या तिरक्यावर असे गोटे कसेबसे तोल सांभाळून असतात. रंगाचा डबा घ्या आणि उताराला आडवी सरळ रेघ मारा. हंगाम संपल्यावर रेघ जिथे तुटून खाली आली असेल तिथे काही लावायचं नाही. सरळ राहिली तिथे दगडांच्या फटीतली माती शोधा. वरचे दगड आच्छादनासारखं काम करतात आणि खाली आश्चर्य वाटावं एवढी ओल सापडते.

पायरी ४: उरलेल्या झाडांची साक्ष तपासून घ्या

नवख्यांना नेहमी सांगितलं जातं की जुनी झाडं उरली आहेत ती जागा बघा आणि तशाच जागी लावा. सल्ला अर्धा खरा आहे. उरलेलं झाड एवढंच सांगतं की इथे ते तगलं. इथेच त्याला आवडतं, असं ते सांगत नाही.

अँडीजमधला पॉलिलेपिस याचं उत्तम उदाहरण. चार हजार मीटरच्या वरही वाढणारं, तांबूस सालीचे पापुद्रे सुटणारं हे झाड आज बऱ्याच ठिकाणी खडकाळ उतारांवर, कपारींत आणि घळींच्या कडेलाच दिसतं. बराच काळ समजूत अशी होती की त्याला खडकाळ जागेचीच आवड आहे. पण आग आणि चरणारी जनावरं जिथे पोचत नाहीत तिथे ते उरलं, असाही अर्थ निघतो आणि अनेक अभ्यासक तोच लावतात. खडकाची ऊब आणि आडोसा यांचा फायदा त्याला होतच असेल. पण फक्त खडकांत रोपं लावून सपाट, खोल मातीची जागा सोडून देणं म्हणजे निर्वासिताच्या छावणीलाच त्याचं गाव समजणं.

म्हणून प्रत्येक जुन्या झाडापाशी तीन प्रश्न विचारा. इथे कुऱ्हाड, आग किंवा जनावर पोचायला अवघड आहे का? झाडाखाली त्याचीच पिल्लं उगवली आहेत का? आणि त्याच्या फांद्यांची टोकं यंदा किती वाढली? पिल्लं नाहीत आणि वाढ बोटभर, तर तो आसरा. पिल्लं भरपूर आणि कोंब लांब, तर ती खरी जागा. गावातल्या म्हाताऱ्या गुराख्यांना, जुन्या वाटाड्यांनाही विचारा. तोड होण्याआधी कुठे काय होतं हे त्यांच्या बोलण्यात सापडतं, नकाशात नाही.

पायरी ५: आता जातींची यादी

इतक्यात तुमच्याकडे उताराचे पाच-सहा तुकडे पडले असतील: तापता फुगीर भाग, ओला खळगा, गारठ्याचा तळ, वाऱ्याची धार, स्थिर दगडगोटे. यादी तुकड्यागणिक करायची. अख्ख्या डोंगराची एक यादी करू नका.

असं का, हे स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसजवळच्या स्टिलबर्ग उतारावर दिसलं. १९७५ मध्ये तिथे वृक्षरेषेच्या आसपास लार्च, स्टोन पाइन आणि माउंटन पाइन यांची सुमारे ९२,००० रोपं चौकटीत, सगळ्या प्रकारच्या जागी लावली. पुढची कित्येक दशकं ती मोजली जात राहिली. दोन्ही पाइनांची मोठ्या प्रमाणावर मर झाली आणि त्यात बर्फाखाली फोफावणाऱ्या बुरशीचा मोठा हात होता. जिथे बर्फ उशिरा वितळतो तिथे तिचा जोर. हिवाळ्यात पानं टाकणारा लार्च त्यातून बऱ्यापैकी सुटला. म्हणजे स्टोन पाइन तिथला मूळचा रहिवासी असूनही त्याच डोंगरावरच्या चुकीच्या खळग्यात मेला. जात स्थानिक आहे एवढ्याने भागत नाही.

बी कुठल्या उंचीवरचं आहे हेही पाहा. कॅलिफोर्नियात गेल्या शतकाच्या पूर्वार्धात क्लाउसेन, केक आणि हीसी या तिघांनी एकाच वनस्पतीचे वेगवेगळ्या उंचीवरचे नमुने ३० मीटर, १,४०० मीटर आणि ३,०५० मीटरवरच्या बागांत शेजारी शेजारी लावले. सखल भागातले नमुने उंचावर तगू शकले नाहीत. उंचावरचे खाली आणले तर तेही आपल्या जागी दिसत तसे जोमदार दिसले नाहीत. जात एक, पण घडण वेगळी. रोपवाटिकेत ‘बी कुठून आणलं?’ या प्रश्नाला ‘बाजारातून’ असं उत्तर आलं तर ती रोपं सोडा. तापमान वाढतंय म्हणून थोडं खालच्या उंचीवरचं बी मिसळावं असं काही जण म्हणतात. मला ते पटतं, पण थोडंच आणि खुणेची पट्टी बांधून.

पायरी ६: हातभर जागा

सगळा हिशोब शेवटी इथे येतो. दुपारी दोन वाजता उघड्या, तापत्या उतारावर गुडघे टेका. एक तळवा उघड्या मातीवर ठेवा, दुसरा झुडपाच्या सावलीतल्या मातीवर. पहिला हात आपोआप उचलला जातो. दुसऱ्या हाताखाली पालापाचोळा, त्याखाली काळसर भुसभुशीत माती, एखादी गोगलगाय किंवा मुंग्यांची रांग. दोन हातांत अंतर जेमतेम मीटरभर. सावलीतल्या त्या पालापाचोळ्यातच खड्डा घ्यायचा.

स्पेनच्या सिएरा नेवाडात हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं आहे. अकरा जातींची अठरा हजारांहून जास्त रोपं, काही उघड्यावर तर काही झुडपांखाली. झुडपाखालच्या रोपांना एकूण फायदा झाला. तो खालच्या, तापत्या उतारांवर आणि कोरड्या वर्षी जास्त, वरच्या सावलीच्या उतारांवर कमी. पण सगळी झुडपं दाई होत नाहीत: सिस्टस जातीच्या झुडपांखाली रोपांचं उलट नुकसान झालं. जिथे ताण जास्त तिथे शेजाऱ्याचा आधार, जिथे सुबत्ता तिथे शेजाऱ्याशी भांडण, असा ढोबळ नियम. उंच पर्वतांवर ताण उन्हाऐवजी थंडीचा असतो. तिथे उशीसारख्या बसक्या वनस्पतींच्या आत इतर रोपं तगतात, कारण आत वारा कमी आणि ओल जास्त असते. दाट, मुळांचं जाळं विणलेलं गवत मात्र दाई नव्हे. तिथे दोन वितीचा गोल खरडून मगच लावा.

रोप आडोशाच्या कोणत्या बाजूला? सवयीने आपण उन्हाची बाजू देतो. ऑस्ट्रेलियातल्या वृक्षरेषेवर स्नो गम या निलगिरीच्या जातीची पिल्लं मोठ्या झाडाच्या दक्षिणेला, म्हणजे तिथल्या सावलीच्या बाजूला जास्त सापडली. गोठलेल्या रात्रीनंतर सकाळचं कडक ऊन कोवळ्या पानांना सोसत नाही, हे त्याचं कारण. उत्तर अमेरिकेत व्हाइटबार्क पाइन लावणारेही रोप पडलेल्या ओंडक्याच्या, बुंध्याच्या किंवा खडकाच्या आडोशाला लावतात. त्यामुळे ऊन, वारा आणि सरकता बर्फ या तिन्हींपासून बचाव होतो.

एक जागा हमखास टाळा: उघडी, बारीक, ओलसर माती. थंड रात्री तिच्यात बर्फाच्या सुया उभ्या राहतात आणि रोपाला मुळासकट वर ढकलतात. लावणंच भाग असेल तर बुंध्याभोवती चपटे दगड दाबून बसवा.

पायरी ७: रांगा सोडा, बेटं करा

चांगल्या जागा विखुरलेल्या असतात, म्हणून लागवडही विखुरलेलीच हवी. दक्षिण कोस्टारिकात डोंगरउतारावरच्या सोडलेल्या कुरणांत अख्खं क्षेत्र भरण्याऐवजी झाडांची छोटी बेटं लावून पाहिली: ४ बाय ४, ८ बाय ८ आणि १२ बाय १२ मीटरची. त्यांतली मोठी बेटं पक्ष्यांना बसायला जागा देऊ लागली, पक्ष्यांनी बी आणलं आणि बेटं कडेने वाढत गेली. कमी रोपांत बरंचसं काम झालं. अगदी छोटी बेटं फारशी उपयोगी ठरली नाहीत, हेही तिथूनच कळलं. रांगेचा एकच फायदा मला ठाऊक आहे, फोटो छान येतो.

पायरी ८: आधी थोडी लावा, मग मेलेली उकरा

पहिल्या वर्षी सगळा पैसा ओतू नका. प्रत्येक तुकड्यात प्रत्येक जातीची पंधरा-वीस रोपं, धातूच्या पट्टीवर क्रमांक आणि वहीत जागेचं वर्णन: ‘खडकाच्या ईशान्येला, हातभर अंतरावर, सळई दोन विती गेली.’ मग दोन हंगाम थांबा. पहिल्या वर्षी रोप बहुतेक रोपवाटिकेच्या शिदोरीवर जगतं. खरी परीक्षा पुढची.

मेलेलं रोप दिसलं की ते टाकून देऊ नका, उकरा. मुळं पिशवीच्या आकारात गोल गुंडाळलेलीच राहिली असतील तर दोष रोपवाटिकेचा. मुळं काळी आणि कुजका वास असेल तर पाणी तुंबलं. खणखणीत वाळलेली आणि आजूबाजूची माती सुटी असेल तर ओल पुरली नाही किंवा खड्डा नीट दाबला गेला नाही. बुंधा तिरका, स्वच्छ कापलेला दिसला तर ससा किंवा उंदीर. रोप वर आलेलं आणि मुळं उघडी असतील तर त्या बर्फाच्या सुया. प्रत्येक कारणासमोर जागेचा तुकडा लिहा. एखाद्या तुकड्यात तिन्ही-चारही जाती एकाच कारणाने मेल्या, तर पाचवी जात शोधत बसू नका. ती जागा नकाशावरून खोडा आणि तिथली रोपं शेजारच्या चांगल्या तुकड्यात वळवा.